बुडबुड्याला वाट

आटपाट नगर होतं. नगरात चार भट्ट्या होत्या. प्रत्येक भट्टी मिनिटाला हजार वेळा पेटायची आणि हजार वेळा विझायची. पेटायची तेव्हा आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जायचं. आता नीट ऐका. भट्ट्यांच्या भिंती होत्या बिडाच्या आणि छप्पर होतं ॲल्युमिनियमचं. बीड १२०० अंशांच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच. हिशेबानं हे नगर पहिल्याच दिवशी वितळून वाहून जायला हवं होतं. पण ते वर्षानुवर्षं उभं राहिलं, कारण राजानं भिंती पोकळ बांधून घेतल्या होत्या आणि त्या पोकळीतून पाण्याचे पाट खेळवले होते. पाणी भिंतींची उष्णता उचलायचं, वेशीपाशी जायचं, तिथल्या वाऱ्यात गार व्हायचं आणि पुन्हा आत शिरायचं.

"आजोबा, हे गाडीचं इंजिन आहे ना?" धाकटीनं ओळखलंच.

हो गं, इंजिनच. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत सकाळपासून जे टेम्पो माल घेऊन ये-जा करतात, त्यातल्या कुठल्याही एकाचं. नगराची वेस म्हणजे पुढची जाळी, तिच्यामागचा रेडिएटर. डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातला साधारण एक तृतीयांश वाटाच चाकं फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेल्यातला मोठा वाटा या पाण्यानं वाहून न्यायचा असतो.

आणि पाणीच का? थोरल्या, तू आता आठवीत आहेस, तुला हे कळायला हवं. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत साडेतीन हजार लिटर हवा एका अंशानं तापते. म्हणजे लिटरभर पाणी जे ओझं मुकाट्यानं उचलतं, ते उचलायला छोट्या न्हाणीघरभर हवा लागेल. शिवाय भिंतीची उष्णता आपल्यात ओढून घेण्यातही पाणी हवेपेक्षा वीस-बावीस पट सरस. निसर्गानं इतकं स्वस्त आणि इतकं गुणी द्रव्य आपल्याला दिलंय, की शंभर-सव्वाशे वर्षं इंजिनवाल्यांना त्याच्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. आजकाल त्यात कूलंट मिसळतात, गुलाबी किंवा हिरवं. बर्फाच्या देशात ते पाणी गोठू नये म्हणून लागतं. आपल्याकडे ते गंज धरू देत नाही आणि उकळायचा अंशही थोडा वर नेतं. पण अर्धंअधिक काम अजून पाणीच करतं. कूलंटला हात लावू नका मात्र. चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं. गॅरेजमध्ये सांडलेलं कूलंट मांजर-कुत्री चाटतात नि जिवाला मुकतात.

पहिल्यावहिल्या गाड्यांत तर नुसतं पाणी होतं आणि ते उकळून उडून जायचं. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन माहेरी निघाली. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरएक किलोमीटर. बरोबर दोन मुलं, एक १५ वर्षांचा नि दुसरा १३ चा, म्हणजे तुमच्याच वयाची. वाटेत जिथं पाणी दिसेल तिथं थांबायचं आणि इंजिनात भरायचं. मोटारीतून इतका लांबचा प्रवास करणारी ती जगातली पहिली व्यक्ती, आणि वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी शोधावं लागलं.

पुढे १९०८ साली अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. तिच्यातली एक युक्ती मला फार आवडते. पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिला पाणी फिरवायचा पंपच नव्हता. इंजिनाजवळचं पाणी तापलं की हलकं होतं, हलकं झालं की वर चढतं, वरच्या नळीनं रेडिएटरच्या डोक्यात जातं, तिथं गार होऊन जड होतं आणि खाली उतरून इंजिनाच्या पायथ्याशी परत येतं. लाखो गाड्या अशा नुसत्या हलक्या-जडाच्या खेळावर चालल्या. एकच अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये. नळीच्या तोंडाशी हवा आली की पाण्याची साखळी तुटली, आणि साखळी तुटली की सगळी फेरीच बंद. खाली पाणी भरपूर असलं तरी काही उपयोग नाही.

इथं आपल्या गोष्टीत हवा येते.

ती येते कुठून? बहुतेक वेळा आपणच भरतो. होज पाइप बदलला, पंप बदलला, जुनं कूलंट काढून टाकलं, की इंजिनातले सगळे पाट रिकामे होतात. रिकामे म्हणजे हवेनं भरलेले. मग घाईघाईनं वरून पाणी ओतलं की ते आपल्या वाटेनं खाली जातं आणि आतली हवा कुठल्या तरी वरच्या वळणात कोंडून राहते. दुसरी वाट आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात हवा विरघळलेली असतेच. मासे तिच्यावरच तर जगतात. आजी चहाचं आधण ठेवते तेव्हा पाहा. पाणी उकळायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाला नि कडांना बारीक मोत्यांसारखे बुडबुडे चिकटतात. ती वाफ नव्हे, ती पाण्यात दडलेली हवा. पाणी तापलं की त्याला तेवढी हवा पोटात ठेवता येत नाही. विल्यम हेन्री नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०३ मध्ये याची दुसरी बाजू मोजली: दाब जितका जास्त, तितका वायू पाण्यात जास्त विरघळतो. दाब सोडला की तो बाहेर येतो. सोड्याची बाटली उघडताना तुम्ही हाच नियम पाहता. तर नळाचं ताजं पाणी इंजिनात भरलं की पहिल्या तापण्यातच त्याच्यातून थोडी हवा सुटते आणि वर जाऊन बसते.

वर म्हणजे कुठं? हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून हलकी. जिथं चढता येईल तिथपर्यंत ती चढते आणि पुढं वाट नसेल तर तिथंच ठाण मांडते. गाडीत ही जागा बहुधा सिलिंडर हेडच्या माथ्यावर असते, नाहीतर थर्मोस्टॅटच्या घरट्यात, नाहीतर काचेखालच्या हीटरच्या नळ्यांत. आणि नेमकं हेड हेच सगळ्यांत तापणारं ठिकाण. जिथं पाण्याची सगळ्यांत जास्त गरज, तिथंच हवा जाऊन बसते. तेवढ्या जागेतली धातूची भिंत उघडी पडते. तिची उष्णता उचलायला कोणी नाही. ती तापते, शेजारच्या पाण्याची वाफ होते, वाफ आणखी जागा अडवते, आणखी भिंत उघडी पडते. हे फार भरभर होतं. हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि थोडक्यात भागणारं काम कितीतरी महागात पडतं.

थोरल्यानं विचारलं, "पण टेम्परेचरचा काटा असतो ना? ड्रायव्हरला दिसत नाही का?"

चांगलं विचारलंस. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, असं आपण धरून चालतो. तोच हवेच्या कप्प्यात सापडला तर त्याला पाण्याचा ताप कळत नाही. काटा खाली राहतो, मग वाफेचा लोट आला की एकदम वर उडतो, पुन्हा खाली येतो. असा नाचणारा काटा पाहिला की जाणता मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच म्हणतो, "एअर धरलाय." आणखी खुणा असतात. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. हीटर लावला तर गरम वाऱ्याऐवजी गार वारा येतो, कारण हीटरच्या नळ्यांत पाणी पोचतच नाही. वरचा होज पाइप कढत आणि खालचा गार.

"पंप आहे ना? पंप ढकलेल की हवेला." हे धाकटीचं.

सगळ्यांना असंच वाटतं. आता पंपाचं मर्म ऐका. गाडीतला वॉटर पंप म्हणजे एका डबीत फिरणारं पात्यांचं चाक. ते पाण्याला गरगर फिरवतं आणि पाणी आपल्याच वजनानं बाहेरच्या कडेला फेकलं जातं. फेकायला वजन लागतं. हवेला वजन जवळजवळ नाहीच. पंपात हवा शिरली की चाक फिरत राहतं, आवाज करतं, पण ढकलत काही नाही. बदलापूरच्या पुढं, वांगणीकडं, शेतावर विहिरीचा पंप सुरू करताना तुम्ही पाहिलंय ना? आधी पंपात नि पाइपात वरून कळशीभर पाणी ओततात, मग बटण दाबतात. तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो तो एवढ्याचसाठी, की ओतलेलं पाणी खाली पळून जाऊ नये. पंपाला पाणी दिलं तरच तो पाणी देतो.

आणि बुडबुडे बारीक असले तर निराळीच पंचाईत. मोठा बुडबुडा सपकन वर जातो. पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे साधारण जाड केसाएवढा बुडबुडा पाण्यातून सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटीमीटर चढतो. पाइपातलं पाणी त्याच्यापेक्षा कितीतरी वेगानं धावत असतं. त्यामुळे असे बुडबुडे वर चढायच्या ऐवजी पाण्याबरोबर गोल गोल फिरत राहतात. त्यांना बाहेर काढायचं तर पाण्याला कुठं तरी थबकवावं लागतं. बॉनेटखाली ती पांढुरकी प्लास्टिकची टाकी दिसते ना, जिच्यावर कमीजास्तच्या दोन रेघा असतात? बऱ्याच गाड्यांत त्या टाकीचं एक मोठं काम हेच असतं. इंजिनाच्या माथ्यावरून एक बारीक नळी तिच्यात येते. टाकी रुंद, म्हणून तिच्यात पाणी संथ. संथ पाण्यात बुडबुड्याला वर यायला फुरसत मिळते.

आता एअर काढतात कसा ते सांगतो. आमच्या कारखान्याचा माल नेणारा एक टेम्पो होता, त्याचा होज फुटला आणि बदलल्यावर तो रोज तापायला लागला. मोरिवलीच्या बाजूला एक मेकॅनिक होते, वयानं माझ्याएवढेच. मी त्यांच्या शेजारी उभं राहून सगळं काम पाहिलं होतं, आणि त्यांच्या हाताला घाई कशी ती नव्हती.

पहिली गोष्ट, त्यांनी गाडीला हातच लावला नाही. चहा मागवला. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं, हे तुम्ही दोघांनी आयुष्यभर लक्षात ठेवा. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आतल्या पाण्याला हवेच्या दाबापेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाबाखाली ठेवते. दुप्पट दाबात साधं पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांपर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात सुटतो आणि ११० अंशांचं पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. बोरघाटात गाडी तापली म्हणून घाईनं झाकण उघडलेले आणि चेहरा, हात भाजलेले ड्रायव्हर मी पाहिलेत.

इंजिन गार झालं. मग मेकॅनिकनी टेम्पो उताराच्या जागी नेऊन उलटा लावला, तोंड चढाकडं. का सांगा? आत अडकलेली हवा वर जाणार. तर मग गाडीतली सगळ्यांत वरची जागा आपल्याला हवी तिथं, म्हणजे झाकणापाशी आणायची. सारी कारागिरी यातच आहे. बुडबुड्याला हातानं ओढून काढता येत नाही. त्याच्या चढायच्या वाटेवर दार तेवढं उघडता येतं.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, म्हणजे त्याच्या नळ्याही फेरीत आल्या. पाणी आणि कूलंट अगदी बारीक धारेनं भरलं. वरचा रबरी पाइप मुठीत धरून दाबला, सोडला, दाबला, सोडला. प्रत्येक दाबण्याला झाकणाच्या तोंडातून बुडूक बुडूक करत हवा यायची आणि पातळी खाली बसायची. पुन्हा भरायचं. थर्मोस्टॅटजवळ एक पितळी स्क्रू होता, एअर सोडायचा. तो दोन आटे सैल केला. आधी फुस्स आवाज, मग फेसाळ थेंब, मग तुटक धार, आणि शेवटी बुडबुडा नसलेली सलग धार. सलग झाली तशी लगेच स्क्रू आवळला.

मग इंजिन सुरू केलं, झाकण उघडंच ठेवून. धाकटे, इथं थर्मोस्टॅट समजून घे. ही एक पितळेची झडप असते, हिच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना मेण घट्ट, झडप बंद, पाणी रेडिएटरकडं जातच नाही, म्हणून इंजिन लवकर तापून कामाला लागतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास मेण वितळतं, फुगतं आणि झडप उघडतं. ना वीज, ना कोणी माणूस. तर झडप बंद असताना तिच्या मागं अडकलेल्या हवेनं काय करायचं? तिच्यासाठी झडपेच्या कडेला एक बारीक भोक असतं आणि त्या भोकात सैलसर लोंबणारी पिन. हवा आली तर पिन खाली पडते, भोक मोकळं होतं, हवा निसटते. पाणी दाबानं आलं की पिन उचलली जाऊन भोक बंद होतं. एवढीशी वस्तू, पण ती बसवताना पिन वरच्या बाजूला यायला हवी. कोणी उलटी बसवली तर हवा वर आणि भोक खाली, मग जन्मभर एअर काढत बसा.

काही गॅरेजांत गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मला हे पटत नाही. दोन दिवस बरं वाटतं, पण इंजिन कायम अर्धवट गार राहतं, डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. दुखणं हवेचं होतं, शिक्षा झडपेला.

पंधराएक मिनिटांत झडप उघडली. ते कळतं कसं? झाकणाच्या तोंडाशी स्थिर असलेलं पाणी एकदम हललं, पातळी झपकन खाली गेली, एक मोठा बुडबुडा वर आला आणि वरचा पाइप हाताला गरम लागला. मेकॅनिकनी पुन्हा भरलं. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत वाट पाहिली, झाकण लावलं, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "आज गाडी चालवा. सकाळी गार असताना टाकी बघा. पातळी खाली गेली असेल, तेवढं टाका. दोन-तीन दिवस बघायचं." का गेलेली असेल? उरलेले बारीक बुडबुडे दिवसभराच्या फेऱ्यांत एकेक करून वर आलेले असतात. इंजिन रात्री गार होताना पाणी आकसतं, झाकणातली दुसरी, आत उघडणारी इवलीशी झडप उघडते आणि टाकीतलं पाणी आत ओढलं जातं. हवेची जागा पाणी घेतं. काही ठिकाणी आता यंत्रानं आधी आतली जवळजवळ सगळी हवा शोषून घेतात आणि मग त्या पोकळीत कूलंट सोडतात. पाच मिनिटांचं काम.

बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र समजावं की हवा बाहेरून आलेली नाही. भट्टी आणि पाट यांच्यामधलं गॅस्केट फाटलंय आणि जळलेला वायू पाण्यात घुसतोय. त्याची परीक्षाही सुंदर आहे. झाकणाच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. वर येणाऱ्या हवेत जळणातला कार्बन डायऑक्साइड असला तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. मग एअर काढून भागत नाही, हेड उतरवावं लागतं.

हे सगळं ऐकून थोरला म्हणाला, "म्हणजे फक्त गाडीतच होतं असं."

नाही रे. तुम्ही शाळेत जाता-येता रोज याहून मोठा एअर काढण्याचा कारखाना बघता. काटई-बदलापूर रस्त्याला लोक पाइपलाइन रोड का म्हणतात? बारवी धरण, एमआयडीसीनं बांधलेलं, त्याचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन या जाडजूड नळांतून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडं जातं. जमीन काही सपाट नाही. नळ चढतो, उतरतो, पुलावरून उडी मारतो. जिथं जिथं नळाला उंचवटा, तिथं तिथं हवा साठणार. साठली की नळ पाण्यानं भरलेला असूनही वाहायचा मार्ग अरुंद होतो. म्हणून त्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवतात, नळाच्या पाठीवर उभे असलेले ते लोखंडी डबे. आत एक पोकळ चेंडू तरंगतो. पाणी वर आलं की चेंडू तरंगून वरचं भोक बंद करतो. हवा साठली, पाणी खाली गेलं, की चेंडू खाली येतो आणि हवा निघून जाते. कोणी बघायला नको, कोणी फिरवायला नको. आणि उलटंही होतं. दुरुस्तीसाठी नळ रिकामा करताना आत पोकळी तयार झाली तर बाहेरच्या हवेच्या दाबानं एवढा जाड पोलादी नळसुद्धा चेपू शकतो. त्या वेळी हाच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो.

शटडाऊननंतर आपल्या नळाला पाणी येतं तेव्हा नळ आधी खोकतो, फुरफुरतो, आणि मग दुधासारखं पांढरं पाणी येतं. आजीला वाटतं औषध जास्त टाकलंय. ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. पांढरेपणा तळाकडून वर असा निवळत जातो. चुना किंवा गाळ असता तर तो खाली बसला असता आणि पाणी वरून खाली निवळलं असतं. तळातून निवळलं म्हणजे पांढरं करणारी वस्तू वर गेली, म्हणजे ती हवा. नळातल्या दाबानं पाण्यात कोंबलेली हवा बाहेर पडताना बारीक बुडबुड्यांनी पाणी पांढरं करते. हेन्रीसाहेबांचा नियम आपल्या मोरीत.

आता मला ज्याचं सगळ्यांत नवल वाटतं ते सांगतो. बारवीच्या आसपासच्या जंगलात साग आहे, ऐन आहे. पंचवीस मीटरचा साग शेंड्यापर्यंत पाणी चढवतो. पंप नाही. तोरिचेल्ली नावाच्या इटलीतल्या शास्त्रज्ञानं १६४३ मध्ये दाखवलं की हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी वर ओढायचं म्हटलं तर ते दहा मीटरच्या जरासं वर जातं, त्याच्या पुढं नाही. मग साग पंचवीस मीटर कसा नेतो? डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये उत्तर सुचवलं आणि ते अजून टिकून आहे. पानातून पाणी वाफ होऊन उडतं, उडणारा प्रत्येक कण मागच्या कणाला ओढतो, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळापर्यंत सगळा धागा ताणलेला राहतो. खोडातलं पाणी दबलेलं नसतं, ताणलेलं असतं.

ताणलेल्या पाण्यात एक बुडबुडा पडला तर? मॉडेल टीचं काय झालं होतं आठवा. साखळी तुटली की फेरी बंद. उन्हाळ्याच्या दुपारी, माती कोरडी आणि ऊन रणरणतं असताना, झाडांच्या नळ्यांत खरोखरच असे बुडबुडे पडतात. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी वनस्पतीला आवाज टिपणारं यंत्र लावलं आणि पाण्याचे धागे तुटताना होणारी टिकटिक ऐकली.

झाडाला कोणी उतारावर उलटं लावणार नाही, शेंड्याला पितळी स्क्रूही नाही. मग ते काय करतं? त्यानं बांधणीतच तजवीज करून ठेवलीय. सागाच्या खोडात एक मोठा पाइप नसतो, लाखो बारीक नळ्या असतात, काही सेंटीमीटरांच्या, काही लांब. शेजारच्या नळ्यांच्या भिंतीत बारीक खिडक्या असतात आणि खिडक्यांवर पडदा. पडद्यातली भोकं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. पाणी त्यातून सहज जातं. बुडबुडा मात्र अडतो, कारण इतक्या बारीक भोकातून जायचं तर त्याला आपली पाठ फार वाकवावी लागते आणि पाण्याचा पृष्ठताण ते करू देत नाही. एक नळी मेली तर मेली, पाणी बाजूच्या नळीनं वळसा घेऊन वर जातं. गाडीत एका ठिकाणी हवा बसली की सगळं इंजिन धोक्यात येतं, आणि साग हजारो नळ्या गमावूनही उभा राहतो. वर तो आणखी शहाणपण करतो. कोरडा हंगाम आला की पानंच गाळतो. ओढणारंच कोणी नाही, तर धागा तुटायची भीतीही कमी.

"पण झाड एअर काढतच नाही का कधी?" धाकटीचा प्रश्न.

काढतं की. नाशिककडं द्राक्षाच्या बागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकत राहतं. मुळं तेव्हा खालून पाणी रेटत असतात. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकानं १७२७ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे मोजून दाखवलंय: कापलेल्या द्राक्षवेलीवर काचेची नळी बसवली, तर रस वीस फुटांच्या वर चढला. पानं नसताना, ओढणारं कोणी नसताना, खालच्या या रेट्यानं नळ्यांतली हवा वर सरकते, काही पाण्यात विरघळते आणि वेल पुन्हा भरून निघते. मोरिवलीचे मेकॅनिक रबरी पाइप मुठीत दाबत होते, ते काम इथं मुळं करतात.

मुळांचा हा रेटा पाहायला नाशिकला जायचीही गरज नाही. मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर आजीनं अळू लावलंय. पावसाळ्यात पहाटे उठा आणि पान पाहा. दव पडलं असेल तर ते सगळ्या पानावर पसरलेलं असतं. अळूला मात्र थेंब लोंबतो फक्त टोकाशी, कारण तिथंच पानाच्या नळ्या बारीक छिद्रांनी बाहेर उघडतात. रात्रभर हवा दमट, पान पाणी उडवत नाही, मुळं खालून रेटत राहतात, आणि जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून बाहेर पडतं. थेंब बोटानं पुसून टाका आणि तिथंच उभे राहा. थोड्या वेळानं त्याच टोकाला दुसरा थेंब धरतो, मग तिसरा. ऊन वर आलं आणि पानं पाणी उडवायला लागली की ते बंद होतं.